लिलावांतील जुनी मोटार व आपला शेतकरी

शेतकऱ्याच्या घरीं मोटार ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. ज्या गांवास दिवसांतून दोनदांच एस. टी. येते त्या गांवांतील माणसास भाजीच्या चार पाट्या बाजारास न्यावयाच्या असल्या, रात्रीं-अपरात्रीं घरांतील दुखणाइतास तालुक्याच्या इस्पितळांत पोंचवावयाचें असलें, किंवा सोसायटींतून खताचीं पोतीं आणावयाचीं असलीं, म्हणजे पदरची गाडी किती उपयोगी पडते हें आम्हीं नव्यानें सांगावयास नको. नव्या गाडीची किंमत मात्र मध्यम स्थितींतील शेतकऱ्यास झेपत नाहीं. म्हणून तो जुन्या गाडीकडे वळतो. आणि जुन्या गाड्यांतही जी सर्वांत स्वस्त म्हणून दाखविली जाते त्या लिलावाच्या गाडीकडे त्याचें मन ओढ घेतें. गेल्या वर्ष-दीड वर्षांत आमच्याकडे सल्ला विचारावयास आलेल्या सभासद बंधूंपैकीं पुष्कळांच्या हातांत अशीच एखादी जाहिरात होती. पूर्वीं ती वर्तमानपत्राच्या मागच्या पानावर असे. आतां ती मोबाइलवर येते, इतकाच फरक.

आम्हीं आपली नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत घालविली. थकबाकीदारांच्या मालाचे जाहीरनामे लिहिले, जप्तीचे पंचनामे केले, आणि कचेरीच्या आवारांत साहेब बोल्या पुकारीत असतां शेजारीं बसून त्या टिपून घेतल्या. लिलावाच्या कामावर असलेल्या सरकारी नोकरानें त्याच लिलावांत बोली करूं नये असा कायदा असल्यामुळें घेणाऱ्याच्या जागीं उभें राहण्याचा प्रसंग आमच्यावर आला नाहीं. पण घेणाऱ्यांचे चेहरे, बोली संपल्यावरचा त्यांचा आनंद आणि पुढें सहा महिन्यांनीं त्याच कचेरीच्या पायऱ्यांवरची त्यांची उदासीनता, हीं आम्हीं जवळून पाहिलीं आहेत. त्या अनुभवावरून आमचें मत झालें आहे तें प्रथमच सांगतों. लिलाव हा दिसावयास वस्तूचा बाजार आहे, परंतु खरोखर तो कागदाचा बाजार आहे. ज्याच्यापाशीं गाडीचे पुरे कागद नाहींत त्याच्यापाशीं गाडी नाहीं, लोखंड आहे. म्हणून कागद पाहिल्यावांचून, आणि ते समजून घेतल्यावांचून, शेतकऱ्यानें लिलावांत तोंड उघडूं नये.

आमच्याच तालुक्यांतील कांदा पिकविणाऱ्या एका गृहस्थांची हकीकत सांगतों. त्यांचें नांव सांगत नाहीं, कारण त्यांच्या फजितीची चर्चा व्हावी असा आमचा हेतु नाहीं. त्यांनीं कांद्याचे आलेले पैसे आणि घरांतील थोडें सोनें गहाण ठेवून मिळालेली रक्कम अशी जमवाजमव करून २,८५,००० रुपयांस जीप जातीची एक मोटार लिलावांत घेतली. मोटार चांगली होती. आम्हींही ती पाहिली आहे. सात दिवसांच्या आंत त्यांनीं पैसे भरले, ताबा पावती घेतली, गाडी ट्रकवर घालून घरीं आणली आणि आळींत पेढे वांटले. पंधरवड्यानें ते परिवहन कार्यालयांत गेले तेव्हां त्यांस कळलें कीं सरकारी दप्तरीं गाडीचा मालक अद्याप पहिला कर्जदारच आहे. विकणाऱ्या संस्थेनें हप्ते थकल्यामुळें गाडी ताब्यांत घेतली होती खरी, पण तिनें आपल्या नांवानें नवें नोंदणीपत्र करून घेतलें नव्हतें. मूळचें नोंदणीपत्र कर्जदाराकडेच राहिलें होतें, आणि तो गांव सोडून गेला होता. शिवाय वाहतुकीचे कित्येक दंड थकलेले होते ते निराळेच.

या एका कागदापायीं चौदा महिने गेले. वडिलांस दर आठवड्यास इस्पितळांत न्यावयाचें म्हणून ही गाडी घेतलेली. ती पावसाळाभर गोठ्याशेजारच्या छपरांत उभी राहिली, आणि वडील भाड्याच्या रिक्षांतून हेलकावे खात जात राहिले. एके दिवशीं हे गृहस्थ अटींचा कागद घेऊन आमच्याकडे आले. इंग्रजींत अकरा पानें, आणि प्रत्येक पानाखालीं त्यांची मराठी सही. नवव्या पानावर स्वच्छ लिहिलें होतें कीं नोंदणी बदलून घेण्याची जबाबदारी सर्वस्वीं घेणाराची राहील. ‘भाऊसाहेब, हें मला कोणी आधीं वाचून दाखविलें असतें तर?’ असें ते म्हणाले. त्यावर त्यांस देण्यासारखें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. हा लेख लिहिण्याचें कारण तो प्रश्न आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. आपल्या देशांत माल विक्रीचा १९३० सालचा कायदा आहे, व त्यांत लिलावासंबंधीं स्वतंत्र कलम आहे. हातोडा पडला, किंवा रिवाजाप्रमाणें ‘तीन वार’ झाले, म्हणजे विक्री पुरी झाली; तोंपर्यंत बोली करणारास आपली बोली परत घेतां येते, असा त्याचा सामान्य नियम आहे. विकणारानें स्वतः बोली करण्याचा हक्क आगाऊ जाहीरपणें राखून ठेवला नसेल तर त्यानें अगर त्याच्या माणसानें बोली करूं नये. आणि किंमत वाढविण्यासाठीं खोटी बोली केल्यास घेणारास ती विक्री रद्द ठरविण्याची मुभा आहे. हें सर्व घेणाराच्या हिताचें आहे. परंतु आजच्या बहुतेक लिलावांत अटींच्या कागदानेंच या नियमांचा पुष्कळसा भाग बाजूस सारलेला असतो. बोली परत घेतल्यास बयाणा जप्त, अशी अट असते. सर्वांत मोठी बोली झाली तरी विकणाराची मंजुरी येईपर्यंत विक्री कायम नाहीं, अशीही अट असते; म्हणजे घेणारा बांधला जातो व विकणारा मोकळा राहतो. आणि या सर्वांच्या शिरोभागीं ‘जशी आहे तशी व जेथें आहे तेथें’ हे शब्द असतात. त्यांचा अर्थ असा कीं, गाडींत जो दोष निघेल तो घेणाराचा. इंजिन फुटलेलें निघालें, कराची बाकी निघाली, तरी तक्रारीस वाव थोडा.

कोणी म्हणेल, ग्राहक न्यायालय आहे कीं. त्यावर फार भिस्त ठेवूं नये. चंदीगड येथील भूखंडांच्या लिलावासंबंधीं २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं, जो मनुष्य स्थिति पाहून व अटी मान्य करून जाहीर लिलावांत बोली करितो तो त्या कायद्याच्या अर्थानें ग्राहक नव्हे. तो निकाल जमिनीसंबंधीं होता हें खरें. परंतु मोटारीच्या तक्रारींतही विकणाऱ्याचा वकील तोच पुढें करील हें उघड आहे. शहाण्यानें कोर्टाची वाट पाहण्यापेक्षां आधींच डोळे उघडे ठेवावे हें बरें.

आतां लिलाव किती प्रकारचे हें ओळखलें पाहिजे, कारण प्रत्येक प्रकाराचे कागद निराळे. पहिला प्रकार बँका व कर्ज देणाऱ्या कंपन्या यांनीं हप्ते थकल्यामुळें ओढून आणलेल्या गाड्यांचा. शेतकऱ्याच्या दृष्टीस पडणाऱ्या जाहिरातींत याच फार असतात. यांत गाड्या त्यांतल्या त्यांत चालू स्थितींतल्या मिळतात, पण कागदांची अडचणही येथेंच अधिक. मोटार वाहनांचा १९८८ चा कायदा व त्याखालील १९८९ चे नियम यांत यासाठीं मार्ग सांगितला आहे. गाडी ताब्यांत घेतलेल्या कंपनीस नमुना ३६ मध्यें अर्ज करून आपल्या नांवानें नवें नोंदणीपत्र मागतां येतें. मग परिवहन कार्यालय जुन्या मालकास पोंच मिळेल अशा टपालानें नोटीस देऊन त्याचें म्हणणें ऐकतें, आणि नंतर जुनें पत्र रद्द करून नवें देतें. या कामास वेळ लागतो. तो वेळ विकणारानें आधीं घालविला आहे, कीं आपल्या माथीं मारला जाणार आहे, हाच पहिला प्रश्न. नवें पत्र झालेलें असेल तर त्याची प्रत मागावी. झालें नसेल तर कंपनी तें किती दिवसांत करून देईल हें तिच्या सहीशिक्क्यानिशीं लिहून घ्यावें; लिहून देत नसेल तर ती गाडी कितीही स्वस्त असो, आपली नव्हे असें समजावें. नोंदणींत बोजा लागलेला असेल तर तो उतरविण्यासाठीं नमुना ३५ लागतो. गाडी परराज्यांतील असेल तर नमुना २८ चा ना हरकत दाखला लागतो, आणि आपल्या राज्यांत आणल्यावर येथील कर पुन्हां भरावा लागतो.

परराज्याचा उल्लेख आला म्हणून एक सांगतों. दिल्ली व आसपासच्या भागांत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या रस्त्यावर आणूं नयेत असा हुकूम हरित लवादानें २०१५ सालीं केला, व २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो उचलून धरला. त्यामुळें तिकडच्या पुष्कळ गाड्या मातीच्या मोलानें इतर राज्यांत विक्रीस गेल्या. स्वस्ताईचें कारण गाडींत नसून हुकुमांत होतें, हें घेणारांपैकीं पुष्कळांच्या ध्यानांत नंतर आलें. फार स्वस्त वस्तु दिसली कीं तिच्या स्वस्ताईचें कारण शोधावें, हा नियम बैलाच्या बाजारांत आपण पाळतों तो मोटारीच्या बाजारांत कां विसरावा?

दुसरा प्रकार विमा कंपन्यांकडून निघणाऱ्या मोडक्या गाड्यांचा. दुरुस्तीचा खर्च विम्यांत ठरलेल्या किंमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असला म्हणजे ती गाडी पूर्ण नुकसानीची धरतात, मालकास पैसे देतात व राहिलेलें धूड विक्रीस काढतात. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत, ऑगस्ट २०१९ मध्यें सांगली-कोल्हापुरांत, आणि जुलै २०२१ मध्यें चिपळुणांत पाणी चढलें तेव्हां किती गाड्या बुडाल्या हें सर्वांनीं पाहिलें आहे. बुडालेली गाडी धुवून पुसून नव्यासारखी दिसते; परंतु आजच्या गाड्यांत विजेच्या तारांचें जाळें सर्वांगभर असतें, आणि पाण्यानें खाल्लेली तार वर्षानें दगा देते. असली गाडी सुटे भाग काढणाऱ्या व्यापाऱ्यानें घ्यावी. शेतकऱ्यानें घेऊं नये.

तिसरा प्रकार सरकारी कचेऱ्यांच्या जुन्या गाड्यांचा. सरकारी जीप म्हणजे वेळच्या वेळीं तेलपाणी झालेली गाडी अशी जुनी समजूत आहे. दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपल्यावर लष्कराच्या जीपगाड्या विक्रीस निघाल्या, तेव्हांपासून ती चालत आली असावी. आतां ती सोडून दिली पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढें चालू राहत नाहीं, आणि तीं नोंदणी झालेल्या मोडणी केंद्राकडेच जावयाचीं असतात. अशी गाडी ‘सरकारी लिलावांतली’ म्हणून कोणी मध्यस्थ दाखवूं लागला, तर ती रस्त्यावर चालविण्यासाठीं कधींच आपल्या नांवावर होणार नाहीं हें जाणावें. पंधरा वर्षांच्या आंतील सरकारी गाडी मात्र रीतसर लिलावांत घेतां येते.

चौथा प्रकार आमच्या परिचयाचा; महसूल किंवा पोलीस खात्यानें जप्त केलेल्या वाहनांचा. वाळूच्या चोरींत सांपडलेले ट्रॅक्टर, डंपर, आणि कधींमधीं पुढें वाट दाखविणाऱ्या मोटारी तहसील कचेरीच्या आवारांत उभ्या असतात. दंड भरून मालक सोडवून नेतो तीं वाहनें बरीं. जीं राहतात त्यांचा लिलाव होईतों दोन पावसाळे जातात. टायर बसतात, बॅटरी जाते, रात्रीं कोणी डिझेल काढून नेतो, तर कोणी आरसा. येथें आमच्या खात्याचा दोष आम्ही झांकीत नाहीं. जी वस्तु विकून सरकारची बाकी फिटावयाची ती आवारांत कुजविण्यांत सरकारचाही तोटा, मालकाचाही तोटा, आणि घेणाराचाही तोटा. तथापि कागदांच्या दृष्टीनें हा प्रकार त्यांतल्या त्यांत सरळ आहे. जाहीर लिलावांत गाडी घेणारानें ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आंत नमुना ३२ मध्यें परिवहन कार्यालयाकडे अर्ज करावयाचा. त्याबरोबर लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचा विक्री कायम झाल्याचा दाखला आणि लिलावास अधिकार देणाऱ्या सरकारी हुकुमाची खरी नक्कल जोडावयाची. हे दोन कागद त्याच दिवशीं किंवा त्याच आठवड्यांत मागून घ्यावे. अधिकारी बदलून गेल्यावर त्याच सहीसाठीं काय हेलपाटे पडतात हें आम्ही कचेरीच्या आंतल्या बाजूनें पाहिलें आहे.

कोणत्याही प्रकाराची गाडी असो, बोलीपूर्वीं तिचा नंबर घालून सरकारच्या वाहन-नोंदणीच्या संकेतस्थळावर ती पाहावी. नोंदणी कधींची, बोजा कोणाचा, विमा व योग्यतेची मुदत कधींपर्यंत, हें तेथें दिसतें. थकलेले दंडही पाहतां येतात. घरांतील शाळकरी मुलगा किंवा मुलगी हें काम पांच मिनिटांत करून देईल. कराची जुनी बाकी गाडीबरोबर नव्या मालकाच्या गळ्यांत येते, हें विसरूं नये. आणखी एक गोष्ट विम्याची. ओढून आणलेल्या गाडीचा विमा बहुधा संपलेला असतो. ती तशीच चालवीत घरीं आणण्याचा मोह होतो, व वाटेंत कोणास धक्का लागला तर गाडीच्या किंमतीहून मोठी भरपाई द्यावी लागते. गाडी ट्रकवर घालून आणावी, किंवा विमा उतरवूनच चाक हलवावें.

आतां गाडी पाहण्याविषयीं. लिलावाच्या गाडीची किल्ली फिरवूं देतात, क्वचित् तेंही नाहीं. रस्त्यावर चालवूं मात्र सहसा देत नाहींत. म्हणून बरोबर विश्वासाचा मिस्त्री न्यावा. त्याचें दिवसाचें मोल द्यावें व प्रवासखर्च द्यावा. तो वाया जात नाहीं. चासीवरील नंबर व इंजिनावरील नंबर नोंदणीच्या नंबरांशीं अक्षरशः जुळतात कीं नाहीं हें पाहावें. जरूर तर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनें छाप घ्यावा. नंबर घासलेला दिसला तर तेथूनच परतावें. पायाखालचीं आस्तरणें उचलून खालीं वाळलेला गाळ आहे काय, बैठकीचे बोल्ट गंजले आहेत काय, पुढच्या दिव्याच्या कांचेंत आंतून वाफ धरली आहे काय, हें पाहावें. या पाण्यांत बुडाल्याच्या खुणा होत. इंजिनांतील तेल दुधासारखें पांढुरकें दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे असें समजावें. किती मैल चालली हें सांगणारा आंकडा मागें फिरवितां येतो. परंतु क्लचच्या पायटीवरील झिजलेलें रबर व सुकाणूचें गुळगुळीत झालेलें चाक खोटें बोलत नाहीं.

किंमतीचा हिशेब शेतकरी येथेंच चुकतो. बोलीची रक्कम हीच किंमत असें तो धरून चालतो. उदाहरणार्थ, बोली ३,००,००० रुपयांची झाली असें मानूं. लिलाव करणाऱ्याची फी व कर मिळून २०,०००. गाडी ठेवल्याचें भाडें व ट्रकनें आणण्याचा खर्च १०,०००. टायर व बॅटरी ३०,०००. इंजिनाचें काम ४०,०००. विमा, नांव बदलणें व जुनी बाकी २५,०००. एकूण ४,२५,००० झाले. तसलीच गाडी ओळखीच्या माणसाकडून, चालवून पाहून, कागद समोर ठेवून ४,५०,००० रुपयांस मिळत असेल, तर लिलावांतील बचत अवघी २५,००० रुपयांची. एवढ्यासाठीं न पाहिलेल्या दोषाचा धोका पत्करावा काय? हे आंकडे आम्हीं केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. प्रत्येकानें आपले आंकडे मांडावे. पण ते घरीं, कागदावर, बोलीच्या आदल्या दिवशीं मांडावे. मिस्त्रीनें सांगितलेला सर्व खर्च, आणि वर न दिसणाऱ्या दोषासाठीं कांहीं रक्कम, बाजारभावांतून वजा करावी; जी बाकी राहील तीच आपली शेवटची बोली. तिच्यापुढें एक रुपयाही जाऊं नये.

हें सांगणें सोपें, करणें अवघड. कारण बोलीच्या वेळीं माणसास एक प्रकारचा चढ येतो. कचेरींतल्या लिलावांत शेजारच्या गांवचा मनुष्य पुढें गेला कीं आपणही गेलेंच पाहिजे असें वाटतें, मग ती गाडीची चढाओढ राहत नाहीं, गांवाची होते. मोबाइलवरच्या लिलावांत समोर मनुष्य दिसत नाहीं, परंतु शेवटच्या कांहीं मिनिटांत बोली आली कीं मुदत पुढें ढकलली जाते, व बोट आवरत नाहीं. दुसऱ्या बाजूस नेहमींचे व्यापारी असतात. त्यांचें कित्येकदां आपसांत संगनमत असतें. एकजण बोली करितो, बाकीचे गप्प बसतात, आणि मागाहून आपल्या आपण त्याच मालाची दुसरी वांटणी करितात. असे व्यापारी एखाद्या गाडीवर मुळींच बोली करीत नसले, तर आपल्यास स्वस्तांत मिळाली म्हणून आनंद मानण्यापूर्वीं, ते कां थांबले याचा विचार करावा.

येथवर घेणाराचें हित सांगितलें. पण प्रत्येक ओढून आणलेल्या गाडीमागें एक विकलेला मनुष्यही असतो, आणि तो पुष्कळदां आपल्यासारखाच शेतकरी असतो. एक पाऊस चुकला, भाव पडला, हप्ते थकले, आणि दारांतून गाडी गेली. २००७ सालीं एका वाहनकर्जाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें बजावलें आहे कीं कर्जाची वसुली गुंडांकरवीं दंडेलीनें होतां कामा नये, कायद्याच्या मार्गानेंच झाली पाहिजे. तरीही रस्त्यांत गाडी अडवून किल्ली काढून घेतल्याच्या गोष्टी कानांवर येतातच. अशा बंधूंनीं हें ध्यानांत ठेवावें कीं गाडी विकली म्हणजे कर्ज आपोआप फिटलें असें होत नाहीं; कमी पैसे आले तर राहिलेली बाकी मागितली जाते, आणि कर्ज व खर्च वळता करून पैसे उरले तर ते मागण्याचा हक्क त्यांचा आहे. म्हणून विक्रीचा हिशेब लेखी मागावा. गाडी ओढली जाण्याची वेळ येण्यापूर्वींच ती स्वतः गिऱ्हाईक पाहून, कर्ज देणाऱ्याच्या संमतीनें विकली, तर लिलावापेक्षां दोन पैसे अधिक येतात व नांवही राहतें. हप्ता चुकूं लागला कीं तोंड लपविण्यापेक्षां कचेरींत जाऊन बसावें, हा आमचा अशा सर्वांस आग्रहाचा सल्ला आहे.

शेजाऱ्याची ओढलेली गाडी लिलावांत घेऊंच नये, असें कांहीं वृद्ध मंडळी म्हणतात. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करितों. परंतु आपण न घेतल्यानें ती त्यास परत मिळत नाहीं. उलट बोली करणारे थोडे राहिले कीं किंमत पडते व त्याच्या माथ्यावरची बाकी वाढते. योग्य किंमत देऊन उघडपणें घेणें यांत पाप नाहीं. त्याच्या नडीची खबर काढून व्यापाऱ्यांशीं संधान बांधणें व किंमत पाडणें, यांत मात्र आहे.

शेवटीं काय व्हावें तें सांगतों. पहिलें, लिलावाच्या अटी मराठींत असाव्या. ज्या राज्यांत सातबारा मराठींत, पीकपाणी मराठींत, तेथें शेतकऱ्यानें दोन-तीन लाखांची सही न कळणाऱ्या भाषेंत कां करावी? हा दोष केवळ कंपन्यांचा नाहीं. आम्हीं स्वतः जे जाहीरनामे लिहिले ते नांवाचे मराठी होते. त्यांतील एकेक वाक्य पाऊण पानाचें असे, व तें चावडीवर लावल्यावर वाचणारा मनुष्य मान हलवून निघून जाई. त्यास समजलें नाहीं हें आम्हांस कळत होतें. नमुना तसा आहे म्हणून आम्ही तसाच उतरवून काढीत राहिलों, याची आज खंत वाटते. दुसरें, गाडीचे कोणते कागद तयार आहेत व कोणते नाहींत याची यादी जाहिरातींतच छापावी, अशी सक्ती व्हावी. ज्या गाडीचें नोंदणीपत्र विकणाऱ्याच्या हातांत नाहीं ती लिलावास काढूंच देऊं नये. तिसरें, जप्त वाहनांचा निकाल ठराविक मुदतींत लावावा.

या तीन गोष्टी सरकारच्या हातच्या आहेत, व त्यांस वेळ लागेल. चौथी आपल्या हातची आहे. आपल्या संघानें एक लहानशी समिति नेमावी. तींत एक मिस्त्री, एक इंग्रजी वाचणारा तरुण व एक कचेरीचें काम जाणणारा मनुष्य असावा. ज्या सभासदास लिलावांत गाडी घ्यावयाची असेल त्यानें बयाणा भरण्यापूर्वीं कागद या समितीपुढें ठेवावे. फी नाममात्र असावी. संघ बियाणें तपासून देतो, माती तपासून देतो. मग शेतकऱ्याची वर्षाची कमाई ज्या कागदावर जाणार तो कागद तपासून देण्यास काय हरकत आहे? कचेरीचें काम जाणणारा मनुष्य मिळाला नाहीं, तर संघाच्या कचेरींत आठवड्यांतून एक दिवस, बाजारच्या दिवशीं, येऊन बसण्यास आम्ही तयार आहों. आमच्या त्या कांदेवाल्या गृहस्थांस जें कोणी वाचून दाखविलें नाहीं, तें पुढच्या माणसास तरी आम्ही वाचून दाखवूं.